अपडेटनाथांची अंगठी आणि मालवणचा बांगडा

पडदा काळा झाला, आणि सोसायटीच्या ऑफिसात दाटीवाटीने बसलेल्या सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला.

"प्राण गेला," महाराज म्हणाले. इतक्या शांतपणे, की कुकरखालचा गॅस बंद केला असं वाटावं.

पाटावर लाल कापड, कापडावर लॅपटॉप, लॅपटॉपच्या चारी कोपऱ्यांना लिंबं. महाराजांचा उजवा हात कीबोर्डच्या डाव्या कडेवर तरंगत होता. बटणाला स्पर्श नाही, वायर नाही, काही नाही. नुसता हात, आणि हाताच्या बोटात काळ्या खड्याची सुपारीएवढी अंगठी.

"आता परत बोलावतो."

हात वर गेला. डाव्या हाताने त्यांनी अंगाऱ्याची चिमूट बटणांवर सोडली, बोटाने जरा पसरली, आणि पडदा लख्ख उजळला. बर्फाचे डोंगर, वर निळं आभाळ.

"कैलास!" शकुकाकी ओरडल्या. "अगो बाय, कैलास दिसलो!"

"हे तुम्ही म्हणालात. मी काही बोललो नाही," महाराज नम्रपणे म्हणाले आणि डोळे मिटले.

लॅपटॉप झोपेतून उठला की कुठलं तरी निसर्गचित्र दाखवतो, हे त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. आदल्या दिवशी वाळवंटातला उंट आला होता. तेव्हा महाराज म्हणाले होते, "प्रवासयोग." परबकाकांनी त्याच संध्याकाळी गावची तिकिटं काढली.

हे सगळं कांदिवलीत, चारकोपच्या आमच्या रवळनाथ सोसायटीत घडलं. इथली बहुतेक मंडळी मूळची कोकणातली. आधीच्या पिढीने गिरणीत काम केलं, पुढची पिढी बँकेत, कुरिअरमध्ये, हॉस्पिटलात, कॉल सेंटरात. घरटी एक लॅपटॉप आणि एक गणपती, दोन्हींची काळजी सारखीच. मी या सोसायटीत लग्न होऊन आले. मी मानसी धुरी. नवरा देवेश, सासूबाई विमला, आणि सहा वर्षांची मुलगी प्रांजल, जिच्यावरून माझी नजर हलत नाही. का ते पुढे येईलच.

सुरुवात झाली ती अपडेटपासून. त्या आठवड्यात सोसायटीतल्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपांनी नवा अपडेट घ्यायला घेतला. कंपनीने सगळ्यांना तो एकदमच पाठवला होता, म्हणून दुखणंही सगळ्यांना एकदमच लागलं. पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ गरगर फिरायचं आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं असायचं: काम चालू आहे, संगणक बंद करू नका. आता 'करू नका' असं वाचलं की आपला हात नेमका तिथेच जातो. आमचे सेक्रेटरी विद्याधर परब, म्हणजे परबकाका, वर्तुळ फिरायला लागलं की थोडा वेळ बघायचे, मग बटण दाबून धरायचे. मशीन बंद. पुन्हा चालू. पुन्हा तेच वर्तुळ, पहिल्यापासून. पुन्हा बटण. सोसायटीची सगळी कामं त्या लॅपटॉपात अडकली. शेजारच्या शकुकाकींची मुलगी अपूर्वा कॉलेजचा प्रोजेक्ट आत गेला म्हणून जिन्यात बसून रडत होती.

"वाट लागली रे आपली," परबकाका लिफ्टपाशी उभे राहून जो भेटेल त्याला सांगत होते.

आणि अशा वेळी परबकाकांचे साडू साकीनाक्याहून महाराजांना घेऊन आले.

महाराजांचं कार्ड होतं. कडेला सोनेरी नक्षी, मध्ये त्रिशूळ आणि माऊस. यंत्रयोगी सहदेवनाथ. खाली: यंत्रबाधा, नेटवर्कदोष, पासवर्डविस्मृती, प्रिंटरचा कोप. मी मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवलं अपडेटनाथ.

"तुमच्या यंत्राला काहीही झालेलं नाही," परबकाकांच्या लॅपटॉपकडे बघून ते म्हणाले. "ते समाधीत गेलंय. आणि तुम्ही काय करता? समाधीतल्या जिवाचा गळा दाबता!"

परबकाकांनी बटण दाबणारं बोट धोतराच्या सोग्यात लपवावं तसं पँटच्या खिशात घातलं.

"उपाय एकच. मौन. यंत्र देवापुढे ठेवा. चार्जरची वात तेवत ठेवा. आणि सूर्यास्तापर्यंत घरातल्या कोणीही त्याला बोट लावायचं नाही. लावलंत, तर दोष तुमच्या अंगावर."

सूर्यास्ताला परबकाकांचा लॅपटॉप सुरू झाला. अपूर्वाचाही झाला. सगळ्या मजल्यांवरून "झकास! झकास!" असे आवाज यायला लागले. महाराजांनी सांगितलं काय होतं? बंद करू नका. जे पडद्यावर लिहिलं होतं तेच. फक्त पडद्यावरच्या वाक्याबरोबर लिंबू मिळत नव्हतं, म्हणून ते कोणी मनावर घेतलं नव्हतं.

त्यानंतर सोसायटीच्या ऑफिसात रोज संध्याकाळी दर्शन सुरू झालं. मशीनचा प्राण काढायचा, प्राण घालायचा. ज्या मशीनांमध्ये प्राण परत येणार नाही असं महाराजांना वाटे, त्यांचं ते स्वतः गोराईच्या खाडीत विसर्जन करणार होते. तशी दोन-तीन मशीनं त्यांनी रिक्षात घालून नेलीही. रिक्षा मात्र गोराईच्या उलट दिशेने गेली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, मला दिसलं.

मला बघायची सवय आहे. प्रांजूमुळे लागली. म्हणून आणखीही काही गोष्टी मला दिसल्या. ऑफिसात कोपऱ्यात एक जुना, टेबलावरचा, डबा-संगणक आहे. परबकाकांनी कितीदा सांगितलं, "म्हाराज, ह्याच्यातलोय प्राण काढून दाखवा ना." महाराज म्हणायचे, "त्या डब्यात आत्माच नाही." हात नेहमी उजवाच, आणि जागा नेहमी तीच, कीबोर्डची डावी कडा. आणि आशीर्वाद? आशीर्वाद मात्र डाव्या हाताने! आपल्याकडे डाव्या हाताने प्रसादही घेत नाहीत, आणि हा माणूस बायकांच्या डोक्यावर डावा हात ठेवत होता. पहिल्या दिवशी त्याने शकुकाकींच्या डोक्यावर उजवा ठेवला होता. हात उचलला तर अंबाड्यातला आकडा त्याच्या अंगठीबरोबर वर आला. शकुकाकींनी हात जोडले. "माझी टोचणी काडल्यानी म्हाराजांनी!" त्या दिवसापासून त्यांचं डोकं दुखायचं थांबलं म्हणे.

तोवर मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. मग ती संध्याकाळ आली.

प्रांजू माझ्या मांडीवर बसून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. टाळी मध्येच थांबली. हात हवेत तसेच. डोळे उघडे, पण समोरचं काही न बघणारे. ओठ किंचित हलत होते. मी श्वास धरून थांबले, नेहमी थांबते तशी. मग ती परत आली आणि उरलेली टाळी वाजवून मोकळी झाली. तिला काही कळलंही नाही.

तिला फिट्सचा एक प्रकार आहे. हातपाय झाडणं नाही, पडणं नाही, नुसतं काही क्षण शून्यात जाणं. शाळेत बाई ओरडायच्या, "प्रांजल, लक्ष कुठाय?" लक्ष कुठेच नव्हतं, हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला. बोरिवलीच्या डॉक्टर नीला यांनी मेंदूचा आलेख काढला, सकाळ-संध्याकाळ घ्यायचं पातळ औषध दिलं. आधी दिवसातून कितीदा तरी येणारे हे झटके आता क्वचित, कधी एखाद्या दमलेल्या संध्याकाळी येतात.

महाराजांनी ते पाहिलं. त्यांचे मिटलेले डोळे मोक्याच्या वेळी बरोबर उघडायचे.

"या बाळाचं असं होतं?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी सगळं सांगितलं. सांगताना त्या रडल्या. नातीवर त्यांचा जीव आहे, त्यात खोट काढायला जागा नाही.

महाराजांनी एक हात लॅपटॉपवर धरला. पडदा काळा. उचलला. पडदा उजळला.

"यंत्र शून्यात गेलं, परत आलं. बाळ शून्यात जातं, परत येतं. दोष एकच आहे, माई. बाळाच्या आत अपडेट अडकलंय. आणि तुमचं ते औषध काय करतंय? वर्तुळ नुसतं फिरत ठेवतंय. पूर्ण होऊ देत नाही. औषध बंद करा. रविवारी बाटली इथे आणा, गाऱ्हाणं घालू आणि खाडीत सोडून देऊ."

कोणी हसलं नाही. परबकाकांनी मान डोलावली. "लॉजिक आसा."

मी प्रांजूला उचललं आणि तिथून निघाले.

घरी आल्यावर मी आधी दार लावलं आणि मग ओरडले. "आई, तो माणूस लॅपटॉप दुरुस्त करतो! लॅपटॉप!"

"मगे? तुझ्या डॉक्टरीणबाय तरी काय करतत? डोक्याक वायरी लावतत. ती पण मशीनच."

"देवेश, तू काहीतरी बोल ना."

देवेश सोफ्यावर बसून मोबाईलची काच पुसत होता. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त घरात शांतता हवी असते, मग ती कोणाच्याही जिवावर का असेना. "हे बघ, मी त्या बाबाला मानत नाही. पण थोडे दिवस थांबवून बघायला काय हरकत आहे? आता बरी आहे ना ती?"

"ती बरी आहे कारण औषध चालू आहे!"

"हे तू म्हणतेस."

"हे डॉक्टर म्हणतात!"

मी तिथेच डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. डॉक्टर नीला यांचा आवाज नेहमी दमलेला असतो, पण स्पष्ट. "बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. अचानक तर मुळीच बंद करू नका. आत्ता साधे झटके आहेत. औषध एकदम तोडलं तर मोठी फिट येऊ शकते, पडेल, लागेल, जास्तही काही होऊ शकतं. बंद कधी करायचं ते मी सांगेन, हळूहळू कमी करत."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर तसाच सांगतले. त्यांचा दुकान आसा." आणि आत जाऊन देवाला दिवा लावला.

औषधाची दुसरी बाटली मला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली असती. ते दुःख नव्हतं. पण मी कामावर जाते तेव्हा प्रांजूला औषध देणाऱ्या सासूबाई असतात. त्यांनी चमचा भरला की मोरीत ओतला, हे मी रोज कुठून बघणार होते?

शनिवारी देवेश घरूनच काम करत होता. जेवणाच्या टेबलावर त्याचा लॅपटॉप, कानात हेडफोन, चेहऱ्यावर ऑफिसचं हसू. प्रांजू फ्रीजपाशी बसली होती. आमच्या फ्रीजवर मालवणहून आणलेला एक बांगडा आहे. लाकडी, निळसर रंगवलेला, पाठीला लोहचुंबक. प्रांजूचा तो लाडका. ती त्याला घरभर पोहायला नेते. कपाटाच्या दारावर, खिडकीच्या गजावर, सिलिंडरवर.

"ए! ए! काय झालं?" देवेश एकदम ओरडला. "स्क्रीन गेली! हॅलो? हॅलो, सर?"

पडदा काळा होता. कीबोर्डच्या डाव्या कडेवर बांगडा पडला होता.

प्रांजू खुदकन हसली. "पप्पा, माश्याने टीव्ही खाल्ला!" तिने बांगडा उचलला. पडदा आला. ठेवला. गेला. उचलला. आला.

मी हातातली भांडी तशीच ठेवली. बांगडा घेतला आणि कीबोर्डच्या प्रत्येक कडेवरून फिरवला. उजवीकडे काही नाही. मध्ये काही नाही. डावीकडे, नेमकं एका जागी, अंधार.

"देवेश," मी म्हणाले, "झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो. त्याला कसं कळतं झाकण मिटलं ते?"

देवेशने हेडफोन काढला. बांगड्याकडे बघितलं. मग झाकणाच्या कडेला टाचणी लावून पाहिली. एका ठिकाणी टाचणी चिकटून राहिली. झाकणात एक इवलासा चुंबक बसवलेला होता. "आयला," तो हळूच म्हणाला. "अंगठी."

आम्ही दोघं धावत सासूबाईंकडे गेलो, बांगड्याचा चमत्कार करून दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला. मग म्हणाल्या, "मासो काळा करता म्हणान म्हाराज खोटे? पाणी नळाक पण येता आणि आभाळातसून पण पडता."

त्यांचा मुद्दा बरोबर होता. बांगड्याने पडदा काळा होतो, एवढ्यावरून महाराज बांगड्याच्याच विद्येने काळा करतात हे सिद्ध होत नव्हतं. ते सिद्ध करायला एकच गोष्ट हवी होती. अंगठी हातातून निघायला हवी होती. आणि ती त्यांनी सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हाताने काढायला हवी होती.

रविवारी दुपारी जेवून जरा पडले, उठले तर फ्रीजवर बाटली नव्हती. सासूबाईही घरात नव्हत्या.

देवेश, प्रांजू आणि मी ऑफिसात पोचलो तेव्हा बाटली पाटावर होती. झाकणाला कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. माझ्या पोरीचं औषध बळीच्या बोकडासारखं सजवून ठेवलं होतं.

"आलात? बसा," महाराज म्हणाले. "परबसाहेब, गाऱ्हाणं घाला."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात कुठलंही काम काढलं, की वडीलधारा माणूस देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. एकेक मागणं मोठ्याने मांडायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक मागण्याला एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" ते नुसतं हो म्हणणं नसतं. देवासमोर सगळ्यांनी मिळून दिलेला तो शब्द असतो. तो मागे घेता येत नाही. लग्नं मोडतील, कोर्टकज्जे मिटतील, पण गाऱ्हाण्यातलं "व्हय" कोणी "नाय" केलेलं आमच्या सोसायटीत कोणाला आठवत नाही. सहदेवनाथांना गर्दी हवी होती म्हणून त्यांनी ही रीत उचलली होती. तिची गाठ त्यांना माहीत नव्हती.

"महाराज," मी हात जोडले, "पोरगी माझी आहे. गाऱ्हाणं मी घातलं तर चालेल?"

सासूबाईंनी चमकून बघितलं. त्यांना वाटलं, सुनेला सुबुद्धी झाली. महाराज खूश झाले. "मातेच्या हाकेला तर जास्त बळ. घाल, बेटी."

माझं सासर मालवणी, माहेर नाही. पण इतके गणपती ऐकून ऐकून गाऱ्हाणं माझ्या तोंडात बसलं आहे. मी डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा! आज ही तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे गोळा झाली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माझ्या पोरीक बरा वाटू दे, शाळेत तिचा ध्यान लागू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सासूबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ह्या सहदेवनाथांच्या हातात जी काय शक्ती आसा, ती आज सगळ्यांका उघड्या डोळ्यांनी दिसू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" महाराजही त्यात होते.

"म्हणान ते आता हातातली अंगठी काडून बाजूक ठेवतले, आणि नुसत्या हातान मशीनचो प्राण काडून दाखवतले रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांच्या तोंडून ते सवयीने, जोरात, ठणठणीत बाहेर पडलं. मग सगळ्यांच्या माना महाराजांच्या अंगठीकडे वळल्या.

"अंगठी निघत नाही," महाराज म्हणाले. "गुरूंनी घातली आहे."

"असांदे," परबकाका म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. आता ते सेक्रेटरी नव्हते, गावच्या देवळातले मानकरी होते. "पण गाऱ्हाणा झाला, म्हाराज. सगळ्यांनी व्हय म्हटला. तुम्ही पण म्हटलात. आता देवाक नाय म्हणूक येवचा नाय."

"ही तुमची गावंढळ..." महाराज एवढं बोलले आणि थांबले. उशीर झाला होता. 'गावंढळ' हा शब्द शकुकाकींना लागला.

"साबण आणू काय?" त्या म्हणाल्या. "साबणान निघता. माझ्या पाटल्या निघतत."

साबणाची गरज पडली नाही. महाराजांनी नाइलाजाने ओढली, तर अंगठी अगदी सहज निघाली. परबकाकांनी ती आदराने दोन्ही हातांत घेतली आणि लोखंडी कपाटावर ठेवायला गेले. ती ठेवावी लागलीच नाही. परबकाकांच्या हातातून उडी मारून खाट् करून कपाटाच्या दाराला चिकटली आणि तिथेच लटकत राहिली.

शकुकाकींचा हात आपोआप अंबाड्यातल्या आकड्याकडे गेला.

"दाखवा, महाराज," मी म्हणाले.

महाराजांनी हात डाव्या कडेवर धरला. पडदा उजळलेला. हात उजव्या कडेवर नेला. पडदा उजळलेला. मंत्र मोठ्याने म्हटला. पडद्यावर कसलं तरी बदक पोहत होतं, ते पोहतच राहिलं.

"इथे कोणीतरी मासे खाऊन आलंय," महाराज कडाडले. "त्याशिवाय असं होत नाही!"

रविवार होता. खोलीतले सगळेच मासे खाऊन आले होते. लोक एकमेकांकडे बघायला लागले, आणि क्षणभर मला वाटलं, गेलं सगळं हातातून. तेवढ्यात प्रांजू उठली. फ्रॉकच्या खिशातून तिने बांगडा काढला, पाटापाशी गेली आणि तो लॅपटॉपच्या डाव्या कडेवर अलगद झोपवला.

पडदा काळा.

"माश्याने खाल्लं," ती सगळ्यांना समजावून म्हणाली.

"ए पोरी!" सहदेवनाथ किंचाळले. "सेन्सरवरनं काढ ते!"

जिन्यात रडणारी अपूर्वा, जिला सगळे अजून लहान समजतात, ती पुढे झाली. "काय म्हणालात, महाराज? सेन्सर? तिथे सेन्सर आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

"आत्मा म्हणालो मी."

"सेन्सर म्हणालात. मी ऐकलं."

"व्हय म्हाराजा!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि ऑफिस हसून फुटलं.

परबकाकांचे साडू हळूच दाराबाहेर सरकले. त्यांना परबकाकांनी कॉलरला धरून आत आणलं, आणि मग साकीनाक्याची हकीकत बाहेर आली. महाराजांचं खरं नाव नंदू. एका गाळ्यात लॅपटॉप उघडून दुरुस्त करायचे. अंगठीतला काळा खडा म्हणजे बाद झालेल्या हार्डडिस्कमधून काढलेला चुंबक, वर काळा रंग. खाडीत विसर्जन झालेली मशीनंही त्याच गाळ्यात पुनर्जन्म घेत होती.

"उद्या दुपारच्या आत सगळी मशीनां हय परत येवक होयी," परबकाका म्हणाले. "नायतर पोलीस चौकीत गाऱ्हाणा घालूया."

नंदूमहाराज उठले. पण अंगठी कपाटाला घट्ट बसली होती. यंत्रयोगी सहदेवनाथ एक पाय कपाटाला लावून स्वतःची दिव्यशक्ती ओढून काढत आहेत, हे दर्शन मात्र मी जन्मभर विसरणार नाही.

आता सरळ सांगते. लॅपटॉपचं झाकण मिटलं की पडदा विझावा, म्हणून झाकणात छोटा चुंबक आणि कीबोर्डच्या कडेला तो ओळखणारा सेन्सर असतो. बाहेरून चुंबक त्या जागी धरला की मशीनला वाटतं, झाकण मिटलं. काढला की वाटतं, उघडलं. जुन्या डब्याला झाकणच नसतं, म्हणून त्यात 'आत्मा' नव्हता. अडकलेला अपडेट मौनाने सुटला नाही. त्याला हवा होता तो वेळ मिळाला म्हणून सुटला. अपडेट घेताना चार्जर लावा, पडदा काय सांगतो ते वाचा, धीर धरा. तरीही अडकलं तर जाणत्या माणसाकडे न्या, ज्याला तुम्ही प्रश्न विचारलात तर राग येत नाही अशा माणसाकडे. आणि ज्याच्या हातात चमत्कार आहे असं वाटेल, त्याला आधी हात रिकामा करायला सांगा.

पण मला खरी चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. यंत्र अर्ध्यात बंद करू नका, नाहीतर बिघडेल, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. त्यावरच त्याचं दुकान चालत होतं. आणि तोच माणूस माझ्या पोरीचं औषध अर्ध्यात बंद करा म्हणत होता. लोखंडाच्या डब्याची त्याला जेवढी काळजी होती, तेवढीही जिवंत मुलीची नव्हती. आणि आपण? आपण त्याला "लॉजिक आसा" म्हणालो.

सगळे पांगल्यावर सासूबाई पाटापाशी गेल्या. बाटलीचा हार काढला, पदराने झाकणावरचं कुंकू पुसलं, पुन्हा पुसलं. घरी आल्यावर त्यांनी चमचा स्वतः धुतला, औषध उजेडात धरून रेघेपर्यंत मापलं आणि प्रांजूपुढे धरलं.

"कडू आहे, आजी."

"असांदे. कडू ता कडू. घे."

प्रांजूने तोंड वेडंवाकडं करून घेतलं. मग बांगडा छातीशी धरून डोळे मिटले आणि म्हणाली, "बा देवा रवळनाथा, उद्यापासून औषध बंद होऊ दे रे म्हाराजा!"

देवेश तोंड दाबून हसला. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या देवाकडे बघत होत्या, मग नातीकडे, मग माझ्याकडे.

"नाय म्हाराजा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाय सांगीपर्यंत नाय."